दहाव्या वर्षी पाळी : कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

शाळेकडून आलेल्या चिठ्ठीत तीन तक्रारी होत्या. मुलगी पाचवीत, वय दहा वर्षं तीन महिने. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस गैरहजर. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला ढकललं, तेही एकदा नव्हे. कबड्डीच्या संघातून स्वतःहून बाहेर पडली. चिठ्ठीच्या तळाशी वर्गशिक्षिकांनी पेनाने लिहिलं होतं : 'वयात आली आहे, त्यामुळे असेल.' आईची चौथी तक्रार चिठ्ठीत नव्हती, पण तिच्या मते तीच मोठी. सहा वर्षांच्या धाकट्या भावाला ही जवळ फिरकू देत नाही. झोपेत त्याचा पाय लागला तरी उठून बसते आणि त्याला बदडते.

प्रकरण लिहायला आई-वडिलांची आणि मुलीचीही परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर

कोपरखैरण्यातली माथाडी कामगारांची वसाहत. वडील तुर्भ्याला एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. पहाटे घर सोडतात, दुपारी येऊन झोपतात. आई पावण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला. मूळ गाव साताऱ्याकडे, पाटण तालुक्यात. गणपतीला आणि जत्रेला जाणं चुकत नाही. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि पोटमाळा. पोटमाळ्यावर आई-वडील, खाली आजी आणि दोन्ही मुलं एका ओळीत. झोपण्याचा हा क्रम मुद्दाम लिहून ठेवला आहे, पुढे त्याचं काम पडतं.

पोटापासूनची हकिकत

वागण्याच्या तक्रारी घेऊन मुलं माझ्याकडे येतात, आणि तक्रार कितीही ताजी असली तरी मी विचारायला सुरुवात गरोदरपणापासून करते. "मॅडम, ही पाचवीत आहे, बाळंतपणाचं काय विचारता?" असं आईने विचारलंच.

गरोदरपणात आईचं रक्त कमी होतं आणि आठव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम चालू होतं. बाळ दिवस भरून जन्मलं, वजन मात्र १ किलो ९०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत ते कमी वजनाचं बाळ. आणि दिवस भरूनही इतकं कमी, म्हणजे वाढ पोटातच मागे राहिलेली. अवयवांची मूळ घडण पहिल्या आठ आठवड्यांत होऊन जाते. शेवटचे तीन महिने अंग भरण्याचे असतात, आणि हिला कमी पडलं ते तिथेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आले आहेत. त्यांना आढळलं की आपल्याकडची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात, पण मांस कमी असलं तरी अंगावरची चरबी त्या मानाने राखून असतात. जन्मतः हलकी मुलं पुढे झपाट्याने भरली, तर वयात येणंही काहीसं अलीकडे सरकतं, असं काही अभ्यासांत दिसतं.

हिचं तसंच झालं. तीन महिन्यांची असताना तिला गावी आजीकडे ठेवलं. "मुठीत मावत व्हती, म्या माणसात आणली," असं आजी आजही छाती पुढे काढून सांगते, आणि ते खरंच आहे. तूपभात, नाचणीची आंबील, दूध. दोन वर्षांची होईस्तोवर मुलगी बरोबरीच्या पोरांना मागे टाकून गुटगुटीत झाली. तेराव्या महिन्यात चालली, दोन वर्षांची असताना दोन शब्द जोडून बोलत होती. वाढीचे टप्पे जागच्या जागी.

साडेतीन वर्षांची झाल्यावर बालवाडीसाठी ती कोपरखैरण्यात आली. पुढे दुसरं बाळंतपण निघालं आणि आजीही आली. पण मधले काही महिने ही मुलगी आईला 'काकी' म्हणायची. हे सांगताना आईचा आवाज अजून बदलतो. मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी जिला आसक्ती म्हटलं, म्हणजे लहान मुलाची आपल्या हक्काच्या माणसाशी पडणारी घट्ट गाठ, ती जन्म देणाऱ्याशीच जुळते असं नाही. रडल्यावर जो नेमाने उचलतो, त्याच्याशी ती जुळते, आणि एकाहून अधिक माणसांशीही जुळू शकते. या मुलीचं पहिलं हक्काचं माणूस आजी होती. आईचं काही चुकलं असा याचा अर्थ नाही. घरात कोणाच्या स्पर्शाचं वजन किती, हे मात्र त्यावरून कळतं.

आईने मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की लहानपणी आई-बाप दूर असले तर मुलीला पाळी लवकर येते. हा तर्क जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया ड्रेपर यांनी १९९१ मध्ये मांडला आणि त्यावर वाद अजून चालू आहे. मोठ्या गटांवर बेतलेली अशी मांडणी एका आईच्या माथी मारणं मला पटत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की पाळी केव्हा येते यातल्या फरकाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा आनुवंशिक असतो. म्हणून आईलाच विचारलं, तुम्हाला केव्हा आली? थोडं थांबून म्हणाली, अकराव्या वर्षी. पण तिच्या आईने बजावलं होतं, कुणी विचारलं तर तेरा सांगायचं. माझ्या प्रश्नापर्यंत हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

डॉक्टरांचं म्हणणं

मुलगी दहा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी असताना, ऑगस्टमध्ये, गणपतीला गावी निघायच्या तयारीत पाळी आली. ब्रिटनमध्ये मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ मध्ये मुलींच्या वाढीचा क्रम नोंदवला. आधी छातीचा उभार, मग उंचीची झेप, आणि झेप ओसरताना पाळी. त्यांच्या मुलींत पाळीचं सरासरी वय साडेतेराच्या आसपास होतं. उभार दिसल्यापासून पाळीपर्यंत साधारण दोन-अडीच वर्षं जातात. आईला आठवलं की जत्रेला घेतलेला फ्रॉक छातीत बसला नव्हता, तेव्हा मुलगी साडेआठची होती. हिशेब काहीसा घाईचा, पण आठ वर्षांच्या आत उभार दिसला तर जे 'अकाली' म्हणतात, त्याच्या अलीकडे ती नव्हती. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय साडेबाराच्या आसपास निघालं. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक. पाळी लांबवणाऱ्या इंजेक्शनांचा या टप्प्यावर उपयोग नाही. पाळीनंतर उंची सरासरी पाच-सात सेंटिमीटर वाढते, लवकर आलेल्या मुलींत थोडी जास्तही. आजार नाही, घरी जा. बालरोगतज्ज्ञांचं काम इथे संपलं आणि ते त्यांनी चोख केलं होतं.

मुलीशी बोलताना

ती दप्तर मांडीवर, छातीशी धरून बसली. माणसाचं चित्र काढ म्हटल्यावर जी मुलगी काढली तिलाही दप्तर पुढेच लावलं होतं. पौगंडावस्थेत सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटू लागतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये त्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. हिचे प्रेक्षक काल्पनिक नव्हते. वर्गातली मुलं तिला 'आंटी' म्हणत होती आणि सगळ्यांत उंच म्हणून शेवटच्या बाकावर पाठवलेलं होतं.

स्पर्शाची भीती, शाळेत न जाणं, मुलग्यांना ढकलणं. ही लक्षणं एकत्र दिसली की लैंगिक अत्याचाराची शक्यता आधी तपासायची, हा आमचा नियम आहे, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तसा संशय आला तर कळवणं बंधनकारक आहे. मुलीशी, आईशी, आजीशी वेगवेगळं बोलले. डॉक्टरांकडेही विचारणा केली. तसं काहीही नव्हतं. हे नक्की केल्याशिवाय पुढचं एक वाक्यही मी लिहिलं नसतं.

मग विचारलं, पाळी म्हणजे काय असतं, तुला काय वाटतं?

"पोटात जखम होते."

मग?

"मग ती बरी होते. पण माझी परत कशी झाली? मी तर पडलेपण नव्हते."

बाकीचं कळायला वेळ लागला. गणपतीत आजीने बजावलं होतं, "आता पोरांचा हात लागू द्यायचा न्हाई. पोट वाढंल." सप्टेंबरात पाळी आली. ऑक्टोबरात आली नाही, नोव्हेंबरातही नाही. नळावर शेजारच्या बायका बोलत होत्या, कुणाचीतरी पाळी चुकली म्हणजे दिवस गेले. आणि रात्री धाकटा भाऊ, जो मुलगाच आहे, हात-पाय टाकत तिला चिकटून झोपत होता. वर्गात मुलगा-मुलगी एका बाकावर, त्याचं कोपर तिच्या कोपराला लागायचं. कबड्डीचा सराव मुलांच्या संघाबरोबर. शाळेच्या स्कर्टचा हूक रोज सकाळी लावून बघायची. दिवाळीनंतर तो घट्ट लागू लागला होता. चकल्या आणि वाढतं वय या दोन्हींनी तो घट्ट होतोच.

दिवस गेले आहेत असा निष्कर्ष काढून ही दहा वर्षांची मुलगी ते मनात घेऊन फिरत होती. विचारलं असतं तर आजीने मारलं असतं, म्हणून कुणाला विचारलं नाही.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जागा. मुलीचा तर्क कुठेही लंगडा नाही. स्पर्शाने पोट वाढतं, स्पर्श झाला, पाळी चुकली, पोट वाढलं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे सात ते अकरा या वयातल्या विचाराचं जे वर्णन करतात ते नेमकं हेच आहे : समोर दिसलेल्या, ऐकलेल्या गोष्टींवर मुलं पक्का तर्क चालवतात. पण 'पाळी न येण्याची दुसरी कारणं काय असू शकतील' असा प्रश्न स्वतःलाच विचारणं, न दिसलेल्या शक्यता मांडून एकेक खोडून काढणं, हे साधारण अकरा-बारानंतर जमू लागतं. पियाजेंच्या टप्प्यांच्या सीमा पुढच्या संशोधकांनी बऱ्याच सैल केल्या आहेत. मूल एका विषयात पुढे आणि दुसऱ्यात मागे असतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. तरी या मुलीला मातीचे गोळे चपटे करून दाखवले तेव्हा माती तेवढीच आहे हे तिने झटकन कारणासह सांगितलं. चार रंगांच्या टिकल्यांच्या किती जोड्या होतील, हे मात्र ती समोर टिकल्या मांडल्याशिवाय पद्धतशीर शोधू शकली नाही. दहा वर्षांच्या मुलीने जितका विचार करावा तितका ती करत होती. हाडं साडेबाराची म्हणून विचार साडेबाराचा होत नाही. चिठ्ठीवरचं 'वयात आली' हे वाक्य इथे अपुरं पडतं, कारण हिची वयं निदान तीन होती, विचाराचं दहा, हाडांचं साडेबारा आणि लोकांच्या नजरेतलं त्याहून मोठं, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

कुणी हात लावेना

आजीने गणपतीत तिला देवापासून लांब ठेवलं, ते तिने सोसलं. आरती करता आली नाही याचं वाईट वाटलं, पण चुलत बहिणींनाही तसंच बसवतात हे तिने पाहिलं होतं. खरा घाव नंतरचा. कोपरखैरण्याला परतल्यावरही ते चार दिवस आजीने तिचं अंथरूण आपल्यापासून वेगळं केलं. बारा बाय दहाच्या खोलीत बाजूला बसायला बाजू म्हणून उरत नाही. अंथरूण दाराकडे गेलं आणि आजीच्या जागी शेजारी भाऊ आला. ज्या बाईने मुठीतून माणसात आणलं, ती चार दिवस शिवत नव्हती.

वडिलांचं वेगळंच. पूर्वी दुपारी झोपताना ही त्यांच्या पाठीवर चालायची, पहाटेपासून ओझी वाहून दुखणारी पाठ तुडवून द्यायची. ऑगस्टनंतर त्यांनी ते बंद केलं. "मोठी झाली, बरं दिसत नाय," एवढंच त्यांनी मला सांगितलं. मुलीला कुणी काहीच सांगितलं नाही. आपलं काहीतरी चुकलं म्हणून पप्पा जवळ घेत नाहीत, असं तिने समजून घेतलं.

म्हणजे काही महिन्यांत आजी शिवेना, पप्पा जवळ घेईनात, आणि मुलांचा हात लागला तर पोट वाढणार. भावाला बदडण्यामागे राग थोडा असेलही, पण भीती जास्त होती.

काय केलं

आधी मुलीची भीती काढली. दिवस गेलेले नाहीत, कोपर लागल्याने, शेजारी झोपल्याने बाळ होत नाही, हे तिला आईसमोर सरळ सांगितलं. मग गर्भाशयाचं. त्यांच्या घरी गावाहून पाहुणा येणार म्हटलं की आजी गादी घालून ठेवते, आणि तो आला नाही की गुंडाळून टाकते. तसंच शरीर दर महिन्याला आत एक अस्तर तयार ठेवतं आणि लागलं नाही की बाहेर टाकतं. त्यात जखम कुठे नसते. सुरुवातीला मेंदूतून येणारे हार्मोन्सचे इशारे आणि बीजकोश यांची लय बसायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, बीज दर महिन्याला सुटतंच असं नाही, म्हणून पाळी मागेपुढे होते. ती लगेच म्हणाली, "म्हणजे गादी घालायलाच विसरले?" शास्त्राला हे पूर्णपणे मान्य होणार नाही, पण मी ते दुरुस्त केलं नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोपऱ्यात छोटा ठिपका द्यायचा, एवढंच काम तिला दिलं.

स्पर्शाबद्दल धोक्याचा इशारा काढून टाकायचा नव्हता, नेमका करायचा होता. कोणत्या जागी कुणीही हात लावू नये, कुणी लावला तर कुणाला सांगायचं, हे आजीच्या 'पोट वाढंल'च्या जागी ठेवलं. बाळ कसं होतं हे आईने थोडक्यात, तिला जेवढं विचारावंसं वाटलं तेवढंच सांगितलं. आई आधी घाबरली, मग म्हणाली, मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांशी बोलणं सोपं गेलं, यात मला आश्चर्य वाटलं. पाठ तुडवणं नको वाटत असेल तर नको, पण शेजारी बसून जेवा, डोक्यावर हात ठेवा, असं सांगितल्यावर ते इतकंच म्हणाले, "एवढंच ना?" आजी अवघड होती. तिला शास्त्र सांगून उपयोग नव्हता. तिला मी विचारलं, ही दीड-दोन किलोची होती तेव्हा सोयर-सुतक पाळून लांब ठेवली असती तर? आजी बराच वेळ काही बोलली नाही. अंथरूण परत ओळीत आलं. देवाऱ्याजवळ मात्र त्या चार दिवसांत अजूनही जायचं नाही, आणि त्यावर मी वाद घातला नाही. ती लढाई आई लढेल किंवा मुलगी पुढे स्वतः लढेल; माझ्याकडे आलेली तक्रार ती नव्हती.

शाळेत बाकाची जागा बदलली, मैत्रिणीशेजारी आणि मधल्या रांगेत. 'आंटी'बद्दल वर्गशिक्षिकांनी मुलांना वेगळं बोलावून समज दिली. मुलींसाठीचं माहितीचं सत्र त्या शाळेत सातवीत होतं, पाचवीत घ्या म्हटल्यावर एक शिक्षिका म्हणाल्या, "एवढ्या लहान मुलींना?" वर्गात आणखी दोघींना पाळी येऊन गेली होती, हे त्यांना नंतर कळलं. मुलगी मोठी दिसते म्हणून तिला मॉनिटर केलं होतं आणि रागावून बोलणं जमत नाही म्हणून ती रडायची. ते काम काढून घेतलं. कबड्डी मात्र परत लावली, आधी फक्त मुलींबरोबर. एरिक एरिक्सन यांच्या मते शाळकरी वयातला मुख्य प्रश्न 'मला काही जमतं का' हा असतो, 'मी कोण' हा नंतरचा. हिला चढाई जमते, लांब हातांनी. ते सुटू देणं परवडणारं नव्हतं.

पुढची काळजी

आजचा ताण ओसरला तरी धोका पुढे आहे, आणि तो वेगळा आहे. वसाहतीतल्या नववीच्या मुली हिला हल्ली बागेत बरोबर नेतात. आत्याच्या मोबाइलवर हिचा एक फोटो गेला, त्यावर कुणीतरी 'कुठल्या कॉलेजला?' असं विचारलं होतं. स्टॅटिन आणि मॅग्नुसन यांनी १९९० मध्ये स्वीडनमधल्या मुलींबद्दल हेच मांडलं : लवकर वयात आलेल्या मुलींच्या वागण्यातले प्रश्न बरेचसे मोठ्या वयाच्या मित्रमैत्रिणींच्या संगतीतून येतात. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात कॅस्पी आणि मॉफिट यांच्या गटाला मुलग्यांबरोबर शिकणाऱ्या, लवकर वयात आलेल्या मुलींत ते प्रश्न जास्त दिसले, ज्या शाळांत फक्त मुली होत्या तिथे मात्र दिसले नाहीत. हा मुलींच्या शाळेत घालण्याचा सल्ला नव्हे. आजूबाजूचे लोक तिला कोणत्या वयाची समजून वागतात, यावर बरंच ठरतं एवढाच त्याचा अर्थ मी घेते. भावनेची आणि नावीन्याची ओढ वयात येण्याबरोबर वाढते, तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत हळूहळू पक्का होतो, असं स्टाइनबर्ग सांगतात. हिच्या बाबतीत ते अंतर इतरांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लांब आहे.

घरात म्हणून एवढं ठरवलं आहे : बागेत नववीच्या मुलींबरोबर जायचं तर आजी बाकावर बसणार, मोबाइल आत्याच्या हातातच राहणार, आणि भातुकलीचा डबा माळ्यावर टाकायचा नाही. तो आईने डिसेंबरमध्ये 'आता काय उपयोग' म्हणून बांधून ठेवला होता. मुलगी अजून रोज संध्याकाळी तो काढते, भावालाही खेळायला घेते.

मार्चअखेर हजेरी पूर्ववत आहे. पाळी फेब्रुवारीत आली, मार्चमध्ये नाही, आणि ती घाबरली नाही. उंचीची पुढची नोंद सहा महिन्यांनी. जूनमध्ये सहावीला तुकडी बदलेल, नवे शिक्षक असतील आणि तिच्याबद्दल त्यांना पहिल्यांदा दिसेल ती तिची उंची. म्हणून शाळा सुटण्याआधी नव्या वर्गशिक्षिकांची भेट ठरवली आहे. वडिलांनी त्या दिवशी बाजारातून लवकर निघायचं कबूल केलं आहे.